नदीकाठचा अभ्यासदिन
ज्ञानगंगेच्या वनखोऱ्यातील शालेय सहल : पूर्वतयारी, पाठ आणि दक्षता

प्राथमिक शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात सहलीस स्थान असते. परंतु बहुतेक शाळांत तिचे स्वरूप ठरून गेलेले आढळते. पहाटे गाडी निघते, दोन-तीन ठिकाणे घाईने पाहिली जातात, दुपारी जेवण होते आणि रात्री दमलेली मुले घरी परततात. दुसऱ्या दिवशी ‘काय पाहिले?’ असे विचारले असता गाडीतील गाणी आणि वाटेतील खाऊ यांपलीकडे मुलांस फारसे सांगता येत नाही. याच्या उलट दुसरी टोकाची शाळा असते. पाणी, जनावर, वाहन यांच्या भयाने ती सहलच काढीत नाही. दोन्ही शाळांतील मुलांस आपल्या जिल्ह्यातील नदी आणि वन यांची ओळख राहून जाते.

भयाने सहल टाळणाऱ्या शाळेने एका गोष्टीचा विचार अवश्य करावा. शाळेने नेले नाही म्हणून मूल नदीवर जावयाचे थांबत नाही. सुटीच्या दिवशी, गुरे वळताना, कपडे धुण्यास आईबरोबर गेले असता किंवा चार सोबती मिळाले की ते जातेच. त्या वेळी त्याच्याजवळ कोणी जाणते माणूस नसते, आणि पाणी कोठे खोल आहे, पूर कसा येतो, बुडणाऱ्यास हात द्यावा की दोर द्यावा, हे त्यास कोणी सांगितलेलेही नसते. म्हणून नदीकाठची सहल हा मनोरंजनाचा, भूगोलाचा आणि विज्ञानाचा पाठ तर आहेच; त्याबरोबरच तो मुलांच्या जीविताच्या रक्षणाचाही पाठ आहे. तो शाळेने शिकविला नाही, तर अन्यत्र मिळण्याची शक्यता थोडी.

सहलीचे प्रयोजन

उघड्यावरील शिक्षण ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०१ साली शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरविले. महात्मा गांधींच्या नई तालीमेचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडला गेला आणि त्यात परिसरातील कामास शिक्षणाचे केंद्र मानले गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात काम करताना पाहिले की, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत. तेव्हा शाळाच कुरणावर नेण्याचा प्रयोग त्यांनी केला आणि त्यास ‘कुरणशाळा’ असे नाव पडले. अलीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचविली आहे. अभ्यासदिनाची कल्पना या परंपरेस धरूनच आहे.

लोकजीवनातही तिला आधार आहे. कार्तिक महिन्यात आवळीच्या झाडाखाली भोजन करण्याची प्रथा पुष्कळ घरांत आजही पाळतात. पाऊस संपलेला, ओढे अद्याप वाहते, गवत पिवळे पडू लागलेले आणि ऊन सुसह्य झालेले, असा हा काळ असतो. शालेय वनभोजनास हाच काळ उत्तम होय. योगायोगाने नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखांना महाराष्ट्रात पक्षिसप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. दिवाळीची सुटी पाहून या सुमारास दिवस ठरविल्यास हेतू आणि हवामान दोन्ही जुळून येतात.

शिक्षकाने आधी जाणून घ्यावयाची जलरचना

मुलांस नदीवर नेण्यापूर्वी जिल्ह्यातील पाणी कोठून कोठे जाते, हे शिक्षकाच्या मनात स्पष्ट असावयास हवे. बुलढाणा जिल्ह्याची रचना या दृष्टीने विलक्षण आहे. अजिंठ्याच्या डोंगरांची रांग जिल्ह्यातून जाते आणि ती पाण्याची वाटणी करते. उत्तरेच्या उतारावरून नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या पूर्णेकडे धावतात. पूर्णा पश्चिमेस वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. दक्षिणेकडे मात्र निराळा प्रवास आहे. बुलढाणा तालुक्यात मढ गावाजवळ उगम पावणारी पैनगंगा मेहकरावरून पुढे जाते, वर्धा नदीस मिळते, आणि वर्धा-वैनगंगेच्या संगमानंतर प्राणहिता या नावाने तेच पाणी गोदावरीत जाऊन शेवटी बंगालच्या उपसागरास पोहोचते. अशा रीतीने एका जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांची वाट धरतो.

याखेरीज तिसऱ्या प्रकारचे पाणीही या जिल्ह्यात आहे. लोणारच्या विवरात जे पाणी उतरते, ते कोणत्याच समुद्रास जात नाही. ते तेथेच साचते, उन्हाने आटते आणि क्षार मागे ठेवते. म्हणून ते सरोवर खारे झाले आहे. २०२० साली या सरोवरास रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

येथे एक घोटाळा नेहमी होतो, तो शिक्षकांनी टाळावा. जिल्ह्यात पूर्णा या नावाच्या दोन नद्या आहेत. एक सातपुड्यात मध्य प्रदेशात उगम पावून अमरावती, अकोला जिल्ह्यांतून येते आणि तापीस मिळते. दुसरी देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागातून जाणारी; तिला खडकपूर्णा म्हणतात आणि ती गोदावरीस मिळते. तिच्यावरील धरणाच्या जलाशयास संत चोखासागर असे नाव आहे. नकाशावर दोघींस निरनिराळे रंग दिल्यास मुलांच्या मनातील गोंधळ दूर होतो.

उत्तरेकडील पूर्णेच्या काठच्या सपाट प्रदेशात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूस, विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी खारे लागते. हा खारपाण पट्टा होय. तेथील मुलांस गोड्या पाण्याचा वाहता झरा पाहणे ही केवळ करमणूक नसते. वरच्या डोंगरातील झाडे आणि आपल्या घरातील घागर यांचा संबंध काय, हा प्रश्न त्यांच्या रोजच्या जीवनातला आहे.

ज्ञानगंगेचे वन

ज्ञानगंगा नदीच्या नावाचे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. बुलढाण्याहून खामगावास जाणारा मार्ग बोथा गावावरून या वनातूनच जातो, त्यामुळे जिल्ह्यातील पुष्कळ मुलांनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते. वन कोरड्या पानगळीच्या प्रकारचे आहे. साग, सालई, अंजन, धावडा, पळस, तेंदू असे वृक्ष उतारावर दिसतात. ओढ्याच्या काठी उंबर, करंज, जांभूळ यांसारखी ओलाव्याची झाडे असतात. उतारावरची झाडे आणि काठावरची झाडे यांतील फरक मुलांस त्यांच्या डोळ्यांनी शोधू द्यावा. ‘पाणी कोठे आहे हे झाडावरून ओळखता येते काय?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी पुरे.

या वनात अस्वल, बिबट्या, तरस, नीलगाय, चिंकारा आदी प्राणी आहेत. व्याघ्राची एक कथा मात्र मुलांस नकाशासह अवश्य सांगावी. ती पूर्णपणे खरी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ-पट्टा बांधण्यात आला होता. त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुमारास तो स्वतःसाठी नवे क्षेत्र शोधावयास निघाला. महाराष्ट्रातील सात जिल्हे आणि तेलंगणाचा काही भाग यांतून शेतांच्या, रस्त्यांच्या आणि वस्त्यांच्या कडेने, दिवसा उंच कपाशीत दडून आणि रात्री चालून, त्याने सुमारे ३,००० किलोमीटरची वाट तुडविली आणि अखेर ज्ञानगंगेच्या वनात येऊन विसावला. एवढ्या प्रवासात माणसास इजा होण्याचा प्रसंग एकदाच आला. तो विश्रांती घेत होता त्या झुडुपात काही माणसे शिरली तेव्हा. या कथेतून दोन धडे आपोआप निघतात. पहिला असा की, वनांचे तुकडे एकमेकांपासून दूर पडले म्हणजे प्राण्यास माणसांच्या वस्तीतून वाट काढावी लागते. दुसरा असा की, जनावर जेथे दडले असेल त्या झुडुपात आपण शिरू नये.

पूर्वतयारी

सहलीचे निम्मे यश निघण्यापूर्वीच्या आठवड्यात असते. शिक्षकाने स्वतः एकदा जागा पाहून यावी. बसण्याची सावली, पिण्याचे पाणी, शौचाची सोय, वाहन उभे करण्याची जागा आणि जवळचे आरोग्य केंद्र यांची नोंद करावी. शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. अभयारण्यात जावयाचे असल्यास वनविभागाची परवानगी आवश्यक आहे. ती केवळ उपचार म्हणून घेऊ नये. सोबत एक वनरक्षक मिळावा अशी विनंतीही करावी. वनरक्षक जे दाखवील ते पुस्तकात सापडत नाही. एस.टी. महामंडळ शालेय सहलीस सवलतीच्या दराने गाडी देते, त्याची आगारात आगाऊ चौकशी करावी.

पुढील तीन गोष्टींकडे विशेष लक्ष असावे. पहिली, वर्गणीअभावी एकही मूल घरी राहू नये. जवळची जागा निवडणे आणि घरची भाकरी नेणे हा त्यावरील साधा उपाय आहे. दुसरी, मुलींस मागे ठेवू नये. पाणी भरण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्यास येते, म्हणून गावातील झरे, विहिरी आणि त्यांचे आटणे यांविषयी त्यांचेच ज्ञान अधिक असते. सोबत एक शिक्षिका किंवा माता असल्यास पालकांचा संकोच दूर होतो. तिसरी, चालण्यास अडचण असलेल्या मुलासाठी नोंदी ठेवण्याचे, आवाज मोजण्याचे अथवा वेळ पाहण्याचे काम राखून ठेवावे. ते काम दिखाऊ असू नये. गटाचे त्यावाचून अडेल असे असावे.

मुलांचे दहा-दहांचे गट करून प्रत्येक गटामागे एक मोठे माणूस नेमावे. गटात जोड्या लावाव्यात. जोडीदाराने जोडीदारास दृष्टीआड होऊ देऊ नये, हा दिवसभराचा पहिला नियम. गाडीत बसताना, उतरताना, जेवणापूर्वी आणि निघताना गणती करावी.

बरोबर घ्यावयाचे साहित्य थोडके असावे : वही, पेन्सिल, मोजपट्टी, वीस मीटर सुतळी, दोन घड्याळे, जिल्ह्याचा नकाशा, प्रथमोपचाराची पेटी, जाड दोर आणि झाकण घट्ट लावलेले दोन रिकामे डबे. दोर आणि डबे कशासाठी, हे पुढे येईल.

दिवसाचा कार्यक्रम

सकाळी उन्हे वर आल्यानंतर पोहोचावे आणि दुपारी तीनच्या आत परत निघावे. पहाटे आणि संध्याकाळी अस्वलांची हालचाल असते, म्हणून त्या वेळा वर्ज्य कराव्यात.

पोहोचताच शांततेचा खेळ घ्यावा. सर्वांनी सावलीत बसून डोळे मिटावे. तीन मिनिटे कोणी बोलू नये. ऐकू आलेल्या प्रत्येक निराळ्या आवाजास एक बोट मिटावे. नंतर ज्याने जे ऐकले ते सांगावे : पाण्याची खळखळ, सागाच्या वाळल्या पानाचा आवाज, टिटवी, दूरची गाडी. प्रारंभास दोन-तीनच आवाज ऐकणारे मूल दुसऱ्या खेपेस सात-आठ ऐकते. गडबड करणाऱ्या वर्गासही हा खेळ प्रिय होतो, असा अनुभव आहे.

त्यानंतर काठाकाठाने हळूहळू फिरावे. पाण्यावर सूर मारणारा खंड्या, काठाशी स्तब्ध उभा असलेला वंचक, शेपूट खालीवर हलविणारा धोबी हे पक्षी मुले सहज ओळखू शकतात. पांढरा धोबी हिवाळ्यासाठी उत्तरेकडून येतो, हे सांगितल्यावर एवढ्याशा पाखराच्या प्रवासाचे मुलांस मोठे नवल वाटते. उंबरावर फळे असल्यास त्यावर कोण कोण येते याची यादी करावी. पोपटाएवढाच डौल असलेले पिवळ्या पायांचे हिरवे कबूतर, म्हणजे हरियल, दिसल्यास ‘हा आपल्या राज्याचा पक्षी’ हे सांगण्यास विसरू नये.

येथे जुन्या पद्धतीत एक बदल आवश्यक आहे. शाळेच्या निसर्गकोपऱ्यासाठी पिसे, घरटी, अंडी, कातीण गोळा करण्याची चाल पूर्वी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अभयारण्यातून काहीही उचलून आणणे निषिद्ध आहे. वस्तू जागीच ठेवावी. वहीत तिचे चित्र काढावे, माप घ्यावे, जागा लिहावी. पीस हातात घेणाऱ्यापेक्षा त्याचे चित्र काढणारे मूल अधिक बारकाईने पाहते, म्हणून यात शिक्षणाची हानी मुळीच नाही.

दुपारी वनभोजन. सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र मांडून वाटून खाव्यात. कागद, प्लास्टिक, उरलेले अन्न परत आणावे. वनात टाकलेल्या अन्नास माकडे आणि अस्वले सोकावतात आणि पुढे माणसांच्या मागे लागतात. अग्नी मुळीच पेटवू नये. वाळलेल्या गवतात ठिणगी पडल्यास क्षणात वणवा होतो, आणि धुराने आग्या मोहोळ उठते.

नमुना पाठ : पाणी कोठे जाते?

इयत्ता पाचवी. स्थळ : काठावरील सावली. वेळ : तीस मिनिटे.

पूर्वज्ञान : मुलांनी दुपाखी टिनाचे छप्पर पाहिलेले आहे.

गुरुजी : टिनाच्या छपरावर पाऊस पडला, तर पाणी कोठे जाते?
विद्यार्थी : काही पुढच्या अंगणात, काही मागच्या परसात.
गुरुजी : दोन थेंब आढ्यावर शेजारीशेजारी पडले, तर?
विद्यार्थी : एक पुढे जाईल, एक मागे.
गुरुजी : मग ते पुन्हा भेटतील काय?
विद्यार्थी : नाही, गुरुजी. एक रस्त्याच्या नालीत जाईल, एक वाडीत मुरेल.

हेतुकथन : ‘आपल्या जिल्ह्यासही असेच एक आढे आहे. ते आज आपण शोधू.’

विषयविवेचन : जमिनीवर ओल्या मातीची लांबट रांग करावी. दोन्ही बाजूंस बोटाने नद्यांच्या रेघा ओढाव्यात. एकीकडे ज्ञानगंगा, पूर्णा, तापी. दुसरीकडे पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी. एका मुलाने रांगेच्या माथ्यावर हळू पाणी ओतावे. पाणी दोहीकडे वाटले जाताना मुलांनी पाहावे. शेवटी एक लहान खळगा करून त्यात पाणी ओतावे आणि विचारावे, ‘हे कोठे जाईल?’ उत्तर मुलांकडूनच येईल, आणि लोणारचे नाव तेथे सांगावे.

उपयोजन : आपल्या गावाचा ओढा कोणत्या बाजूस आहे? त्याचे पाणी कोणत्या समुद्रास जाईल? हे प्रत्येकाने घरी जाऊन वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे.

ओढ्यावरचे गणित

हा भाग इयत्ता सहावी-सातवीसाठी आहे. तो गावाजवळच्या उथळ ओढ्यावर, अभयारण्याच्या बाहेर, घेणे सोयीचे. पाणी घोट्याच्या वर फार चढू नये एवढे उथळ असावे, आणि मापे शिक्षकाने स्वतः पाण्यात उतरून घ्यावीत.

काठावर दहा मीटर अंतर मोजून दोन खुणा कराव्यात. वरच्या खुणेशी वाळके पान किंवा काटकी पाण्यात सोडावी आणि खालच्या खुणेपर्यंत येण्यास किती सेकंद लागले ते पाहावे. तीन वेळा करून सरासरी घ्यावी. पात्राची रुंदी सुतळीने आणि खोली चार-पाच ठिकाणी मोजपट्टीने मोजावी.

समजा, पानास २५ सेकंद लागले. पृष्ठभागावरील वेग सेकंदास ०.४ मीटर झाला. तळाच्या दगडांशी घासल्यामुळे खालचे पाणी सावकाश जाते, म्हणून वेगास ०.८ ने गुणावे, उत्तर ०.३२ मीटर. रुंदी २ मीटर आणि सरासरी खोली १५ सेंटिमीटर, म्हणजे ०.१५ मीटर असेल, तर दर सेकंदास २ × ०.१५ × ०.३२ = ०.०९६ घनमीटर, म्हणजे ९६ लिटर पाणी वाहते. एका मिनिटात ५,७६० लिटर.

येथे थांबून एक प्रश्न विचारावा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत खेड्यातील माणसासाठी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. तर या लहानशा ओढ्यातून एका मिनिटात गेलेले पाणी किती माणसांस एक दिवस पुरेल? भागाकार करून मुले १०४ असे उत्तर काढतील. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या गावातील मुलांस या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. हेच माप दर महिन्यास त्याच जागी घेऊन तक्ता भिंतीवर लावल्यास ओढा कधी क्षीण होतो आणि कधी आटतो, हे शाळेस स्वतःच्या नोंदीवरून सांगता येईल.

पाण्यापासून दक्षता

हा पाठ सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात आणि पुन्हा काठावर, असा दोनदा द्यावा. पुढील बाबी मुलांकडून बोलून घ्याव्यात.

१. पात्रातील डोह, बंधाऱ्याखालचा खड्डा आणि धरणाचा गाळ यांचा वरून अंदाज येत नाही. गुडघाभर पाण्यापुढे एकच पाऊल टाकताच पुरुषभर खोली लागू शकते. म्हणून सहलीत पोहणे नाही; डोहाजवळ जाणे नाही.

२. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असले, तरी वरच्या डोंगरात पाऊस झाल्यास पूर येतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, पाने-काटक्या वाहत येणे, वरून घुमणारा आवाज येणे, या खुणा दिसताच सामान सोडून उंच काठावर जावे. पात्रात किंवा पात्रातील खडकावर बसून जेवू नये.

३. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी मुलाने पाण्यात उडी घेऊ नये. घाबरलेला माणूस वाचविणाऱ्यास मिठी मारतो आणि दोघे जातात. भावामागे भाऊ, सोबत्यामागे सोबती बुडण्याचे हेच कारण असते. मोठ्याने ओरडून माणसे बोलवावीत. काठावर आडवे होऊन दोर, लांब काठी, धोतर किंवा ओढणी पुढे करावी. घट्ट झाकणाचा रिकामा डबा दोरास बांधून फेकावा. बरोबर नेलेले डबे याचसाठी असतात. काठावरील सुरक्षित जागी, कोरड्या जमिनीवर, या सरावाचा खेळ प्रत्येक मुलाकडून करून घ्यावा.

४. पाण्याबाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असल्यास वेळ न दवडता कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि छातीवर दाब सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उलटे टांगणे, पोट दाबणे यांत अमूल्य वेळ जातो. निदान एका शिक्षकाने हे प्रशिक्षण आरोग्य केंद्रातून आधीच घेतलेले असावे.

वनातील दक्षता

अस्वल बहुधा अचानक समोरासमोर आल्यामुळे हल्ला करते. म्हणून वाट सोडू नये, एकट्याने शौचास जाऊ नये, आणि दाट झाडीच्या वळणावर मोठ्याने बोलत जावे. शांततेचा खेळ मोकळ्या जागीच घ्यावा. जनावर दिसल्यास पळू नये. सर्वांनी एकत्र येऊन हळूहळू मागे सरावे. लपंडावासारखे खेळ वनात वर्ज्य होत. वन्यप्राण्याविषयीच्या अडचणीत वनविभागाचा १९२६ हा क्रमांक उपयोगी पडतो.

दगड उलथू नयेत, बिळात हात घालू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मुलास धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. विषावरील लस तेथे असते. मांत्रिकाकडे घालविलेला तास परत मिळत नाही. काठावरच्या गावांतील मुलांस अशा अनेक गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ठाऊक असतात. त्यांस आधी बोलू द्यावे, बरोबर असेल त्यास मान्यता द्यावी आणि चूक असेल तेथे कारण सांगून दुरुस्ती करावी.

परत आल्यानंतर

सहल घरी परतल्यावर संपत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाने आपला वृत्तान्त वाचावा. भाषेच्या तासास ‘मी पाहिलेला ओढा’ हे दहा वाक्यांचे लेखन, चित्रकलेस काठावरील एक झाड, भूगोलास दोन समुद्रांचा नकाशा.

विज्ञानासाठी एक सोपा प्रयोग शाळेतच करावा. दोन सारख्या पसरट डब्यांत माती भरावी. एकीत गवताची ढेपळे लावावीत, दुसरी उघडी ठेवावी. आठ दिवसांनी दोन्ही सारख्याच तिरप्या ठेवून झारीने सारखेच पाणी घालावे. उघड्या डब्यातून पाणी चटकन आणि गढूळ येईल. गवताच्या डब्यातून सावकाश आणि निवळ येईल. डोंगरावरील वन तोडले म्हणजे पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरडा ओढा असे का होते, हे मग समजावून सांगण्याचे श्रम पडत नाहीत. मुलांनी दोन्ही डब्यांतील पाणी पाहिलेले असते.

ज्या शाळेस ज्ञानगंगेपर्यंत जाणे शक्य नाही, तिने आपल्या गावच्या ओढ्यावर हाच दिवस साजरा करावा. पक्षी थोडे असतील, झाडे विरळ असतील, पण पाण्याचा उतार, वेग आणि वाट तीच. उलट, रोजच्या ओढ्यावर घेतलेला दक्षतेचा पाठ मुलांच्या अधिक उपयोगी पडेल; कारण सुटीच्या दिवशी ती तेथेच जाणार आहेत.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

१. आपल्या गावाचे पाणी ज्या समुद्रास मिळते, तेथपर्यंतच्या सर्व नद्यांची नावे क्रमाने लिहा.

२. गावातील ओढा, डोह, बंधारे, शेततळी यांचा हातनकाशा काढून धोक्याच्या जागा तांबड्या रंगाने दाखवा. नकाशा वर्गात कायम लावा आणि दर पावसाळ्यानंतर तपासा.

३. गावातील तीन वृद्धांस विचारून, चाळीस वर्षांपूर्वी ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, याची नोंद करा आणि मुलांच्या मासिक तक्त्याशी ताडून पाहा.

४. दोर-डब्याचा सराव शाळेतील प्रत्येक मुलाने केला आहे किंवा नाही, याची हजेरीप्रमाणे यादी ठेवा. गैरहजर राहिलेल्या मुलाकडून तो पुढील आठवड्यात करून घ्या.